रेषा वर सरकली म्हणून लेकीचा ‘ए’ गेला का?

वाचकाचं पत्र

माझी लेक यंदा केंब्रिजची दहावीच्या तोडीची आयजीसीएसई परीक्षा देऊन मोकळी झाली. गणितात तिला ए मिळणार हे शाळेनंही गृहीत धरलं होतं. शाळेच्या सराव परीक्षेत तिला ८२ टक्के होते. निकालात आला बी, आणि शेजारी आकडा ७९. एका मार्कानं ए गेला. दोन दिवस ती खोलीबाहेर आली नाही, धड जेवलीही नाही. तिचा चुलतभाऊ दुसऱ्या देशात हीच परीक्षा देतो. त्याच्या गणिताच्या एका पेपरला ए ची रेषा, म्हणजे ए साठी लागणारे किमान गुण, आमच्यापेक्षा सहा मार्कांनी खाली होती, आणि त्याला ए मिळाला. ओळखीतले लोक सांगतात की जगभरातली हुशार मुलं या परीक्षेला बसतात, त्यांनी चांगलं लिहिलं की रेषा वर जाते आणि आपली मुलं मागे पडतात. हे खरं आहे का? या रेषा कोण ठरवतं, आणि परीक्षेआधीच का सांगत नाहीत? फेरतपासणीला टाकावं का? लेक पुढे आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा घेणार आहे, तिथंही हेच का? आणि धाकटा दोन वर्षांनी बसेल, त्याच्यासाठी आत्तापासून काय करू?
– एक आई

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात आधी त्या ७९ पाशी थांबले. कारण ज्या एका मार्कासाठी लेक दोन दिवस रडली, तो पेपरमधला मार्क नव्हेच.

निकालपत्रावर ग्रेडच्या शेजारी जो आकडा असतो, त्याला केंब्रिज ‘पर्सेंटेज युनिफॉर्म मार्क’ म्हणतं. दिसायला तो टक्क्यांसारखा दिसतो आणि तिथेच घरोघरी गफलत होते. पेपरमध्ये मिळालेले मूळ गुण एका ठरलेल्या पट्टीवर बसवून हा आकडा काढलेला असतो. त्या पट्टीवर ए स्टार ९० पासून, ए ८० पासून, बी ७० पासून, सी ६० पासून. ही पट्टी कधी हलत नाही. हलते ती मूळ गुणांतली रेषा.

हे आकड्यांत पाहू. आकडे मी समजवण्यापुरते घेतलेत, तुमच्या लेकीच्या पेपरचे नाहीत. समजा दोन्ही पेपर मिळून २०० गुण आहेत, आणि त्या खेपेला ए ची रेषा १४० वर लागली, बी ची ११६ वर. म्हणजे ११६ गुणांना निकालात ७० दिसणार आणि १४० गुणांना ८०. मधले २४ गुण दहा घरांत बसवले गेले, तेव्हा एक घर जवळपास अडीच गुणांचं झालं. निकालात ७९ आले तर ए पासूनचं अंतर मूळ गुणांत एकाचं असेल, दोनाचं असेल, तीनाचंही असू शकेल.

आता जे सांगते ते ऐकायला बरं वाटणार नाही, पण तुमच्यापासून लपवून ठेवलं तर या पत्राचा उपयोग नाही. सराव परीक्षेतले ८२ हे साधे टक्के होते, मूळ गुणांतले. निकालातले ७९ हे पट्टीवरचे. ही दोन मापं वेगळी आहेत. वरच्या उदाहरणात १४० म्हणजे ७० टक्के. तिथे ए च्या जरासं खाली राहिलेल्या मुलीला ६९ टक्के मिळालेले असतात. म्हणजे घसरण ८२ वरून ७९ वर झालेली नसून ८२ वरून ६९ च्या आसपास झालेली असू शकते. तुमच्या बाबतीत खरा आकडा काय, ते त्या परीक्षेच्या प्रसिद्ध झालेल्या थ्रेशोल्डच्या, म्हणजे रेषांच्या, तक्त्यावरून कळेल. तो केंब्रिज प्रत्येक निकालानंतर सर्वांसाठी जाहीर करतं, प्रत्येक विषयाचा वेगळा. तो तक्ता आज रात्रीच उघडा. त्यात प्रत्येक पेपरच्या रेषा वेगळ्या आणि पेपरांच्या जोडणीच्या एकूण रेषा वेगळ्या दिलेल्या असतात. लेकीची जोडणी, म्हणजे तिनं कोणकोणते पेपर दिले, ते आधी ओळखा, नाहीतर भलत्याच ओळीतला आकडा वाचाल. ए स्टार शोधायचा तर एकूण रेषांमध्येच शोधा, एकट्या पेपरला ए स्टार नसतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. रेषा आधी का सांगत नाहीत?

कारण ती आधी कुणालाच माहीत नसते. दर खेपेला प्रश्नपत्रिका नवी असते. ती जगात कुणाही मुलानं सोडवलेली नसते, कारण आधी मुलांकडून सोडवून घेतली तर ती फुटेल. पेपर काढणारी माणसं कितीही मुरलेली असली तरी एखादा प्रश्न मुलांना किती जड जाईल याचा अंदाज चुकतोच. मी अनेक वर्षं गणित शिकवलं आणि पेपरही तपासले. मला अगदी सोपा वाटलेला भूमितीचा प्रश्न निम्म्या वर्गानं कोरा सोडलेला मी पाहिलाय, आणि अवघड म्हणून वेगळा काढून ठेवलेला प्रश्न मुलांनी हसत हसत सोडवलेलाही पाहिलाय. मग करायचं काय? रेषा ७० वर खिळा ठोकून बसवली तर ज्या वर्षी पेपर जड निघेल त्या वर्षीची मुलं नाहक मार खाणार, आणि सोपा निघेल त्या वर्षीच्यांना फुकटचं मिळणार. म्हणून उलट करतात. ए म्हणजे काय दर्जाचं काम, ही गोष्ट जागेवर ठेवायची आणि त्या दर्जाला यंदाच्या पेपरात किती गुण पडले हे पेपर तपासून झाल्यावर शोधायचं. रेषा म्हणजे त्या शोधाचं उत्तर.

हा शोध कसा घेतात ते जरा जवळून सांगते, कारण लोकांच्या डोळ्यासमोर बहुतेक एखादं यंत्र येतं, ज्यात आकडे टाकले की रेषा बाहेर पडते. तपासणी संपत आली की त्या विषयाचे ज्येष्ठ परीक्षक बसतात. त्यांच्यासमोर यंदाची प्रश्नपत्रिका असते, गुणदानाची पद्धत असते, कोणत्या ग्रेडच्या मुलाला काय यायला हवं याचं वर्णन असतं, आणि मागच्या खेपेच्या बरोब्बर रेषेवरच्या जपून ठेवलेल्या उत्तरपत्रिका असतात. मग यंदाच्या उत्तरपत्रिका गुणांच्या क्रमानं घेतात. समजा १०० गुणांच्या पेपरात रेषा ६६ ते ७५ च्या मध्ये कुठेतरी असावी असा अंदाज आहे. आधी वरून खाली वाचत येतात. ७५ वाली उत्तरपत्रिका ए ची आहे का? निःसंशय. ७४? हो. ७३, ७२, हो. ७१ ला कुणीतरी थबकतं. मग खालून वर. ६६ ए ची नाही. ६७ नाही. ६८ नाही. ६९ ला पुन्हा एकमत होत नाही. म्हणजे ६९ ते ७१ हा धूसर पट्टा. रेषा त्यातच कुठेतरी आहे. हे सगळं अशाच पायऱ्यांनी प्रत्येक वेळी होतं असं नाही, काही ठिकाणी आता स्क्रीनवर होतं, पण गाभा हाच. माणसं मुलांचं प्रत्यक्ष काम वाचतात आणि विचारतात, हे मागच्या वर्षीच्या ए च्या तोडीचं आहे का?

सगळ्या रेषा अशा वाचून ठरवत नाहीत. ए आणि सी सारख्या महत्त्वाच्या रेषा वाचून, मधल्या गणितानं. बी साधारणपणे ए आणि सी च्या बरोबर मध्ये. आपल्या उदाहरणात ए १४०, सी ९२, म्हणून बी ११६. आणि ए स्टार बहुधा ए च्या वर तेवढ्याच अंतरावर, जेवढा ए हा बी च्या वर आहे. १४० अधिक २४, म्हणजे १६४.

मग आकडेवारी कशाला लागते, नुसतं वाचून का भागत नाही? तर माणसाची नजर एका विशिष्ट तऱ्हेनं फसते. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये गुड आणि क्रेसवेल या संशोधकांनी हे दाखवून दिलं. पेपर सोपा असेल तर उत्तरपत्रिका भरलेली, नीटनेटकी, बरोबर उत्तरांची दिसते आणि परीक्षकाला तो मुलगा हुशार वाटतो. पेपर जड असेल तर तितकाच हुशार मुलगा ठेचकाळतो, खाडाखोड करतो, आणि परीक्षकाला तो कच्चा वाटतो. पेपरच्या काठिण्याची सूट परीक्षक देतात, पण पुरेशी देत नाहीत. म्हणजे नुसत्या नजरेवर सोडलं तर जड पेपरला रेषा हवी त्याहून वर राहील. मुलांवर अन्याय होईल तो इथे. म्हणून शेजारी आकडे ठेवतात. यंदा सरासरी किती, गुणांचा पसारा कसा, मागच्या वर्षी याच तऱ्हेच्या मुलांनी कसं केलं होतं. जगभरच्या परीक्षेत हे आणखी नाजूक, कारण दरवर्षी नव्या शाळा येतात, जुन्या सोडून जातात, मुलांचा मेळ बदलतो. सरासरी घसरली तर पेपर जड होता की मुलं वेगळी होती, हे सोडवून काढावं लागतं. वर्षानुवर्षं त्याच पद्धतीनं मुलं बसवणाऱ्या शाळांकडे म्हणूनच जास्त भरवशानं पाहता येतं. ज्या विषयाला थोडीच मुलं बसतात तिथे आकडे फारसे बोलत नाहीत, तिथे वाचनाचं पारडं जड. आणि बहुपर्यायी पेपरात वाचण्यासारखं काही नसतं, नुसत्या खुणा, म्हणून तिथे आकड्यांवरच भिस्त.

आता ती ओळखीतल्यांची गोष्ट, की बाकीच्यांनी चांगलं लिहिलं म्हणून आपली मुलं मागे पडली. ही समजूत हवेतून आलेली नाही. एके काळी असं खरोखर होतं. ब्रिटनमध्ये १९६३ पासून ए लेव्हल या बारावीच्या तोडीच्या परीक्षेच्या ग्रेडसाठी वाटे ठरवून दिले होते. वरच्या १० टक्के मुलांना ए, पुढच्या १५ टक्क्यांना बी, मग १० ना सी, १५ ना डी, २० ना ई. मुलांनी कितीही चांगलं लिहिलं तरी ए मिळणार दहातल्या एकालाच. आणि सी चा वाटा इतका अरुंद की दोन-चार गुण इकडेतिकडे झाले की मूल बी वरून थेट डी वर. हे वाटे १९८७ मध्ये बंद झाले. पण माणसांच्या मनातून गेले नाहीत, अजूनही प्रत्येक निकालाला कुणीतरी ‘कर्व्ह’ची, म्हणजे ठरलेल्या वाट्यांची, गोष्ट सांगतंच.

आज असा वाटा नाही. तुमच्या लेकीचा ए कुणा परक्या देशातल्या मुलानं उचलून नेलेला नाही. इतर मुलांचे गुण पाहतात हे खरं, पण ते पेपर किती जड होता हे मोजण्यासाठी, ए ची संख्या आखून देण्यासाठी नाही. तरी एक गोष्ट मी मान्य करते. आकड्यांकडे पाहून रेषा ठरवणारी कोणतीही पद्धत सावध असते. मुलं खरोखर सुधारली असतील तर ते तिला उशिरा पटतं, एकदम नाही. मला ही या पद्धतीतली खरी उणीव वाटते. मात्र ती सगळ्यांना सारखीच लागू होते, एका मुलीचा ए हिरावून दुसऱ्याला देत नाही.

चुलतभावाचं आता लवकर उलगडेल. केंब्रिजच्या पेपरांचे क्रमांक पाहा, ४१, ४२, ४३ असे असतात. शेवटचा आकडा म्हणजे त्याच पेपरचा वेगळा अवतार. एका देशात मुलं पेपर देऊन बाहेर पडतात तेव्हा दुसरीकडे अजून सकाळ व्हायची असते, आणि फोन सगळ्यांकडे आहेत. म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे प्रश्न देतात. प्रश्न वेगळे म्हणजे काठिण्य थोडं वेगळं, म्हणून रेषाही वेगळी. त्याची रेषा सहा गुणांनी खाली होती याचा अर्थ त्याचा पेपर जड होता. तो पेपर तुमच्या लेकीला मिळाला असता तर तिलाही त्यात कमीच गुण पडले असते. दोघांच्या रेषा सारख्या ठेवल्या असत्या तर तो अन्याय झाला असता, त्याच्यावर. दोन भावंडांत हे कडवटपणाचं कारण होऊ देऊ नका, त्यानं आपला ए कमावलाय.

आयबीत तत्त्व तेच, मोजमाप वेगळं. १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या या संस्थेच्या डिप्लोमात प्रत्येक विषयाला १ ते ७, सहा विषयांचे ४२, आणि विस्तृत निबंध (एक्स्टेंडेड एसे) व ज्ञानमीमांसा (थिअरी ऑफ नॉलेज) मिळून ३, असे ४५. तिथेही परीक्षा झाल्यावर ज्येष्ठ परीक्षक उत्तरपत्रिका वाचून २ आणि ३ मधली, ३ आणि ४ मधली, आणि ६ आणि ७ मधली रेषा ठरवतात, बाकीच्या हिशोबानं निघतात. फरक असा की तिथे शाळेत केलेलं काम, ज्याला इंटर्नल असेसमेंट म्हणतात, तेही विषयाच्या गुणांत धरलं जातं. लेकीला परीक्षेच्या दिवशी दडपण येत असेल तर तिथे तिला थोडा आधार मिळेल.

फेरतपासणीचं सांगते, पण त्याआधी एक. रेषा कितीही काळजीनं आखली तरी तिच्या एका बाजूला लागून मुलं असतात आणि दुसऱ्या बाजूलाही. १३९ आणि १४० गुणांच्या मुलींमध्ये गणित येण्याचा काही फरक नसतो. एकीनं शेवटच्या प्रश्नात एकक लिहिलं, दुसरी विसरली, एवढाच. आणि तपासणीतही थोडा इकडेतिकडे फरक पडतोच. निबंधात दोन प्रामाणिक परीक्षक एकाच उत्तराला वेगळे गुण देतात. गणितात ते कमी होतं, कारण गुण बारीक वाटलेले असतात. रीतीचे वेगळे, अचूक उत्तराचे वेगळे. मुलीनं समीकरण बरोबर मांडलं आणि पुढे सात गुणिले आठ चोपन्न केलं, तर उत्तराचा गुण जातो, रीतीचा राहतो. त्या चुकलेल्या आकड्यावरून पुढचा भाग बरोबर केला तर तिथे अनेकदा पुढचे गुण मिळतात, त्याला परीक्षक ‘फॉलो थ्रू’ म्हणतात. चूक होण्याची जागा इथेच असते. परीक्षकानं हा धागा धरून वाचलं नाही, किंवा मुलीनं उरलेलं उत्तर जादाच्या पानावर लिहिलं आणि ते नजरेतून सुटलं, किंवा तिचा १ हा ७ सारखा दिसला.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा, की आंधळेपणानं फेरतपासणीला टाकू नका. आधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवा. हे सगळं शाळेमार्फतच होतं, पालकांना थेट करता येत नाही, म्हणून शाळेतल्या परीक्षेचं काम पाहणाऱ्या व्यक्तीला गाठा. मुदत निकालानंतर मोजक्या आठवड्यांचीच असते आणि शुल्क पडतं. प्रत हाती आली की प्रसिद्ध झालेली गुणदानाची पद्धत शेजारी ठेवून तिच्या गणिताच्या शिक्षकांना एकेक प्रश्न तपासायला सांगा. तुम्ही तपासू नका, आईची नजर प्रत्येक ठिकाणी गुण शोधते. शिक्षकांना दोन-तीन गुण ठळकपणे सुटलेले दिसले आणि रेषा तेवढ्याच अंतरावर असेल, तर बेलाशक टाका. काही सापडलं नाही तर सोडून द्या. फेरतपासणीत गुण वाढतात तसे कमीही होतात, आणि कमी झाले तर ‘जुनेच राहू द्या’ म्हणता येत नाही. लेक बी च्या वरच्या टोकाला आहे, त्यामुळे खाली घसरून सी होण्याची भीती तिला जवळजवळ नाही. हे तुमच्या बाजूचं आहे. रेषेला वरून टेकलेल्या मुलीला मी हे इतक्या मोकळेपणानं सांगितलं नसतं. आणि अर्जाला लेकीची संमती लागते, तेव्हा ठरवताना तिला बाहेर ठेवू नका.

नुसती बेरीज आणि सुटलेली पानं तपासून घेण्याची हलकी सोयही असते. पण मुद्दा तपासणीचाच असेल तर तिचा उपयोग नाही.

धाकट्याचं. मागच्या वर्षांच्या रेषा पाहून ‘इतके मिळाले की ए’ असं लक्ष्य त्याला देऊ नका. मला माहीत आहे, शाळाही हे करतात, आणि तुमच्या लेकीच्या बाबतीत बहुधा तेच झालं. रेषा ही त्या एका पेपरची असते. मागच्या वर्षीचा पेपर सोडवला तर त्याला मागच्या वर्षीचीच रेषा लावायची, त्याच क्रमांकाच्या अवताराची. ती दुसऱ्या वर्षाच्या पेपराला लावली की आकडा फसवा होतो. शाळेनं तीन वर्षांतले प्रश्न उचलून सराव पेपर बनवला असेल तर त्याला कोणतीच रेषा लागू नाही, आणि तिथे ८२ पडले काय किंवा ६२ पडले काय, ग्रेडबद्दल त्यातून काही कळत नाही. शिवाय यातले काही प्रश्न मुलांनी शिकवणीत आधी पाहिलेले असतात. लेकीचे ८२ कोणत्या पेपरचे होते हे शाळेला जरूर विचारा, शांतपणे विचारा.

आणखी एक, जे बऱ्याच घरांत माहीत नसतं. महामारीच्या वर्षांतले तक्ते मापासाठी घेऊ नका. २०२० च्या जून परीक्षा झाल्याच नाहीत, २०२१ मध्ये काही ठिकाणी शाळांनी ग्रेड दिल्या, २०२२ मध्ये केंब्रिजनं मुद्दाम मधला, सैलसर दर्जा ठेवला आणि जून २०२३ पासून महामारीआधीच्या दर्जावर परत आलं. २०२२ च्या रेषेवर तयार झालेला मुलगा आज बसला तर त्याला वाटेल आपल्यावर घात झाला. त्याला २०२३ पासूनचे पेपर द्या, किंवा २०१९ आणि त्याआधीचे. अभ्यासक्रम मधे बदललाय का, तेवढं शिक्षकांना विचारून.

त्याला रेषेपेक्षा परीक्षकांचा अहवाल वाचायची सवय लावा. तोही प्रसिद्ध होतो, आणि फारच थोडी मुलं तो उघडतात. कोणत्या प्रश्नात मुलं कुठे घसरली, ‘कारण द्या’ म्हटल्यावर नुसतं उत्तर लिहून कसे गुण गेले, मधल्या पायरीत आकडा अर्ध्यावर तोडल्यानं शेवटचं उत्तर कसं चुकलं, हे सगळं त्यात साध्या शब्दांत असतं. मी वर्गात पेपर सोडवायच्या आधी तो अहवाल वाचून दाखवायचे. दुसऱ्याच्या चुका ऐकताना मुलं हसतात, आणि मग दहा मिनिटांनी तीच चूक आपल्या वहीत दिसली की गप्प होतात. तेवढंच हवं असतं.

लेकीला या पत्रातलं ७९ बद्दलचं आधी वाचून दाखवा. तिला वाटतंय की एका मार्कानं दैवानं मारलं. त्यापेक्षा ‘परीक्षेत माझं कुठेतरी बिनसलं, कुठे ते शोधता येईल’ हे कळलेलं बरं. ऐकायला कठीण आहे, पण यात तिला हात-पाय हलवायला जागा आहे. उत्तरपत्रिका आली की पहिल्यांदा तिलाच एकटीला पाहू द्या. मी पाहिलंय, मुलं स्वतःचा पेपर परत हातात घेतात तेव्हा पाच मिनिटांत त्यांचं बोट बरोबर त्या प्रश्नावर जातं. मग कदाचित ती सांगेल की शेवटचे दोन प्रश्न वेळेअभावी राहिले, किंवा पहिल्याच प्रश्नात घाबरली आणि पुढे सगळंच घाईत झालं. जे असेल ते. आयबीचं गणित कोणत्या स्तराचं घ्यायचं हे ठरवायला तिला ७९ पेक्षा ही माहिती उपयोगी पडेल, म्हणून विषयनिवड पक्की करायच्या आधी प्रत हाती येईल असं पाहा. उद्या सकाळी शाळेला फोन करा, मुदतीची तारीख विचारून घ्या, आणि शिक्षकांना किती गुण सुटलेले दिसले ते मला नक्की कळवा.